संघमित्रा, जोडाक्षरासकट

आमच्या आज्यांची नावं कचराबाई, धोंडाबाई, भिकाबाई. काही पोर जगावी म्हणून ठेवलेली, काही गावाने चिकटवलेली. आमच्या बहिणींची नावं सुजाता, विशाखा, संघमित्रा. मधे जेमतेम दोन पिढ्या, आणि १४ ऑक्टोबर १९५६ हा धम्मदीक्षेचा दिवस.

तेव्हा औरंगाबादेत पोरीचं नाव नागसेनवनातून यायचं. बाबासाहेबांनी १९५० साली इथे सुरू केलेल्या कॉलेजला नाव दिलं राजा मिलिंदाचं, आणि परिसराला त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या भिक्खू नागसेनाचं. वसतिगृहातला एखादा पोरगा सुटीला वस्तीत आला की बाया म्हणायच्या, "भाऊ, पोरीला चांगलं नाव सांगा." तो नाव सांगायचा आणि नावामागची गोष्टही सांगायचा. संघमित्रा ही सम्राट अशोकाची लेक, बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेला गेलेली. बारशाला पांढऱ्या कपड्यांत त्रिसरण-पंचशील व्हायचं, नाव पुकारलं जायचं आणि जमलेली सगळी माणसं ते एकदा स्वतःच्या तोंडाने म्हणून बघायची.

आता नाव मोबाईलवर शोधतात. दोन अक्षरी हवं, परदेशातही म्हणता आलं पाहिजे. त्यात वावगं काही नाही. आमच्या नाती उद्या कुठेही जातील. पण नावासोबत अर्थ मिळतो, गोष्ट मिळत नाही.

संघमित्रा हे नाव आमच्या गल्लीला जडच गेलं. दूधवाला 'संगमित्रा' म्हणायचा, शेजारच्या खाला 'संगमितरा'. आजी 'संगमित्ता' म्हणायची. शाळेत जाणारी आम्ही पोरं तिला टोकायचो, "आजी, त्ता नाही, त्रा." परातीतली भाकरी थापता थापता तिचा हात थांबायचा. ती ओठ जुळवून पुन्हा म्हणायची, आणि पुन्हा 'त्ता'च यायचं. पुढे कॉलेजात पाली विषय घेतला तेव्हा कळलं, पालीत ते नाव 'संघमित्ता' असंच आहे. तोवर आजी राहिली नव्हती.

म्हणून तो काळ चांगला होता असं म्हणवत नाही. हजेरी घेताना आमचे एक गुरुजी या नावापाशी थांबायचे, वर बघायचे, आडनाव विचारायचे, आणि मग त्यांचा आवाज बदलायचा. इथल्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात १९७८ साली झाला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत माणसं मारली गेली, घरं जाळली गेली. या शहरात नाव ही साधी गोष्ट कधीच नव्हती.

आज तीच संघमित्रा मोठ्या कचेरीत अधिकारी आहे. हजेरी अंगठ्याने लागते. गुरुजींची ती नजर नाही, आणि ती परत नकोच. पण पूर्ण नाव पुकारणाराही कुणी नाही. इंग्रजी स्पेलिंग वाचून कुणी 'सांघमित्रा' म्हणतं, सहकारी 'सॅम' म्हणतात, आणि कामाच्या घाईत तीही ओ देते. तेव्हा नाव चुकायचं, पण माणसं ते नीट म्हणायला धडपडायची. आता नाव कागदावर बिनचूक असतं आणि तोंडात अर्धंच राहतं.

आम्हाला जुनं परत नको आहे. हवी आहे ती भाकरी थापताना थांबलेल्या हाताची धडपड. तुमच्या घरात, शेजारात असं एखादं नाव असेल तर ते तोडू नका. चार अक्षरंच आहेत, पूर्ण म्हणा. आणि घरातली म्हातारी ते वेगळं म्हणत असेल, तर तिला दुरुस्त करण्याआधी नीट ऐका.