उठावातील ‘सामान्य’ माणूस

१९१६च्या ईस्टर उठावाच्या शताब्दीनिमित्त आयर्लंडच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने जानेवारी २०१६मध्ये ‘रिबेलियन’ ही पाच भागांची मालिका प्रक्षेपित केली. कॉलिन टीव्हन यांच्या या संहितेत पिअर्स, कॉनली हे नेते कडेला राहतात. केंद्रस्थानी येतात त्या तीन तरुण स्त्रिया आणि परस्परविरुद्ध सैन्यांत गेलेले दोन भाऊ. याच दूरचित्रवाणीच्या १९६६मधील ‘इन्सरेक्शन’ या मालिकेत वार्तापत्राच्या घाटातून मुख्यतः नेत्यांचा उठाव उभा राहत होता. त्या तुलनेत हा बदल मला प्रथमदर्शनी स्वागतार्ह वाटला.

नंतर मात्र एक शंका बळावत गेली. यातील प्रत्येक पात्राला एक बाजू नेमून दिलेली आहे. एक स्त्री बंडात उतरते, दुसरी डब्लिन कॅसलमध्ये नोकरी करते; एक भाऊ सिटिझन आर्मीत, तर दुसरा ब्रिटिश सैन्यात. इतिहासातील ताण व्यक्तींमध्ये असा वाटून दिला, की सामान्य माणूस प्रातिनिधिक होतो. आणि प्रातिनिधिक झाला, की तो सामान्य उरत नाही. त्या आठवड्याने घेतलेल्या सुमारे ४८५ बळींपैकी निम्म्याहून अधिक नागरिक होते. बाजू निवडण्याचा प्रसंगच ज्यांच्यावर आला नाही, त्यांना अशा रचनेत पार्श्वभूमीखेरीज जागा मिळत नाही.

ही शंका अखेर माझ्या अध्यापनावरच उलटली. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ शिकवताना मी १८५८मधील झाशीच्या वेढ्याची पाने सविस्तर घेत असे. घरचे कर्ज, दक्षिणेची आशा, आईवडिलांसाठी कावडीतून आणलेले गंगाजल हा मजकूर मात्र ‘प्रवासवर्णनाचा भाग’ म्हणून उरकीत असे. वरसईचा हा भिक्षुक १८५७मध्ये घराबाहेर पडला तो यज्ञाच्या दक्षिणेसाठी. राणीविषयी त्याला आदर आहे, परंतु त्याच्या निवेदनाचा हेतू उठाव हा नाही; उठाव त्या हेतूच्या आड येतो. ‘रिबेलियन’मध्ये नेमके उलटे घडते: प्रत्येकाचे खासगी आयुष्य उठावाकडे नेणारी वाट होते. मालिकेत मला जो दोष दिसला, तोच मी वर्षानुवर्षे वर्गात करीत आलो होतो.

ज्याच्या आयुष्याचे केंद्र उठावाबाहेर आहे आणि तरीही उठावाची किंमत ज्याला मोजावी लागते, तो सामान्य माणूस, अशी व्याख्या केली तर नाट्यरूपाला तो पेलेल का, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. वेढ्याच्या आधी आता मी ते कर्ज शिकवतो, इतकेच.