काकांनी ओळखलेले इंजिन

सिनेमातले खोटे आम्हा कोल्हापूरकरांना फसवीत नाही, असा आमचा जुना अभिमान आहे. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा बनवला तो इथेच; त्यांच्या १९२० च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध तर इतका खरा वाटला, की तो प्रसंग कापावा लागला!

माझे थोरले काका मात्र थिएटरकडे फिरकत नसत. १९४४ साली ते इंफाळच्या आघाडीवर हवाई दलात फिटर होते, हरिकेन विमानांची इंजिने सांभाळीत. त्याविषयी घरात अवाक्षर काढीत नसत. ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ लागला, तेव्हा मी जवळजवळ ओढूनच त्यांना नेले.

पडद्यावर जर्मन विमाने घोंघावत आली आणि काका खुर्चीत ताठ बसले.

“आरं, ह्यो कसला जर्मन? जर्मनाचं इंजिन उलटं बसवल्यालं असतंय, धुराची नळकांडी खाली. ह्याची बघ, वर हाईत. हे आपलं मर्लिन!”

पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी ‘शूऽ’ केले. मी शरमलो.

पुढे एका पुस्तकात वाचले, काका अक्षरशः खरे होते. १९६८ साली चित्रीकरणासाठी उडती जर्मन विमाने हवी तेवढी मिळेनात. स्पेनच्या हवाई दलाकडे त्याच घडणीची विमाने होती, पण त्यांत इंजिन इंग्रजांचे, मर्लिन. त्यांनाच जर्मन रंग फासले. उडू शकणारी स्पिटफायर जेमतेम डझनभर जमली. या साऱ्या ताफ्यात कॅमेरे घेऊन एक जुने अमेरिकन बाँबफेकी विमान फिरे. गर्दीत वैमानिकांना चटकन दिसावे म्हणून ते भडक रंगांनी रंगवले होते. म्हणजे दोन्ही बाजूंना इंजिन एकच, आणि लढाई जुंपलेली!

पण त्या दिवशी एक विमान धूर सोडीत खाली जाऊ लागले, तशी काकांनी मान खाली घातली, ती बराच वेळ वर केली नाही. परतताना रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलो. तिथे ते आपणहून बोलले. विमान उडण्याआधी फिटरला कागदावर सही करावी लागते, इंजिन ठीक आहे म्हणून. एका सकाळी त्यांनी सही केली. ते विमान परत आले नाही. गोळी लागली की इंजिन बंद पडले, कळायला मार्गच नव्हता.

“मला कुणी इचारलं न्हाई,” काका म्हणाले. “मीच इचारतोय, रोज.”

पुस्तक वाचल्यावर मी मोठ्या उत्साहाने त्यांच्याकडे गेलो. म्हटले, काका, ती पडणारी विमाने खोटी होती. रेडिओवर उडवायच्या लहान प्रतिकृती. कुणी मेले नाही त्यांत.

ते थोडा वेळ गप्प राहिले.

“आणि वर उडत हुती ती?”

“ती खरी.”

“पंचवीस-पंचवीस वर्सांची इंजिनं,” काका म्हणाले. “त्येंच्यावर सही कुणी केली, ते लिवलंय का त्यात?”

मी पुस्तक पुन्हा चाळले. नव्हते लिहिलेले.