भावाचा फळा

पावसाचं शहर म्हणून मँचेस्टरची ख्याती अख्ख्या इंग्लंडात आहे. इंटर्नशिपच्या पहिल्याच दिवशी ऑफिसातल्या बाईंनी माझ्याकडे छत्री नाही हे पाहिलं आणि आपली जुनी छत्री माझ्या हातात ठेवली. त्या रात्री मी सहज आकडे काढून पाहिले आणि किती तरी वेळ त्यांच्याकडे बघत बसले. मँचेस्टरला वर्षभरात साधारण साडेआठशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्याची सरासरी नऊशेच्या वर आहे! ज्या जिल्ह्याला कोरडवाहू म्हणून हिणवतात, त्याच्या वाट्याला पावसाच्या या राजधानीपेक्षा जास्त पाणी येतं. फरक पडण्याच्या रीतीत आहे. आमच्याकडे तो चार महिन्यांत, त्यातही मोजक्या दिवसांत कोसळतो, माती घेऊन नाल्याला जातो आणि नंतर आठ महिने तोंड दाखवत नाही. इथे तो बारा महिने चाळणीतून गाळल्यासारखा भुरभुरतो. सूतगिरण्या लँकेशायरमध्येच का उभ्या राहिल्या, याचं एक कारण हीच ओली हवा आहे. दमट हवेत धागा कमी तुटतो.

मी दारव्हा तालुक्यातल्या कापूस पिकवणाऱ्या घरातली. 2023 च्या सप्टेंबरात शिकायला इंग्लंडात आले आणि 2024 च्या जूनमध्ये, अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून, एका कपड्यांच्या कंपनीत दहा आठवडे काम करायला लागले. काम असं की, कंपनीच्या कपड्यातला कापूस मुळात कुठून आला याचा माग काढायचा. संगणकावर एक तक्ता होता. त्यात शिवणाऱ्या कारखान्याचं नाव, विणणाऱ्या गिरणीचं नाव, सूतगिरणीचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात फक्त ‘भारत’. गाव नाही, तालुका नाही, जिल्हासुद्धा नाही.

मी सांगितलं, याच्या मागे जाणं सोपं नाही. आमच्याकडे शंभर शेतकऱ्यांचा कापूस जिनिंगच्या आवारात एकाच ढिगात पडतो. सरकी वेगळी निघते, रुईच्या 170 किलोच्या गाठी बांधल्या जातात. त्या गाठीत माझ्या बाबांचा कापूस कोणता आणि शेजारच्या काकांचा कोणता, हे कोणीही सांगू शकणार नाही. सगळे शांतपणे ऐकत होते. त्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कुणीही शेतातली पऱ्हाटी पाहिलेली नव्हती. ज्यांचं पोट कापडावर आहे त्यांनीच कापसाचं झाड पाहिलेलं नाही, हे मला इंग्लंडातल्या कुठल्याही राजवाड्यापेक्षा मोठं नवल वाटलं.

ऑफिसातल्या चालीरीतींनीही मी रोज चकित व्हायचे. साहेबांना नावाने हाक मारायची, हे माझ्या जिभेला शेवटपर्यंत जमलं नाही. जो चहाला उठेल त्याने सगळ्यांना विचारायचं, ‘ब्रू?’, आणि साहेबही उठत. सहा जणांचा चहा करत आणि नंतर कप विसळून ठेवत. बसमधून उतरताना प्रत्येक माणूस ड्रायव्हरला थँक यू म्हणतो. दुकानातली बाई अनोळखी मुलीला ‘लव्ह’ म्हणते. पहिल्यांदा मी दचकले होते, नंतर कळलं की आमच्याकडची म्हातारी कुणाही पोरीला ‘बाई’ म्हणते तसंच हे. जूनच्या शेवटी रात्री साडेनऊला सूर्य आकाशात. मी आईला फोनवर तो दाखवला. तिच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती.

“तिकडचे लोक झोपतात कवा वं?” तिने विचारलं.

आणि मतदान! आमच्या यवतमाळ-वाशिम मतदारसंघात 26 एप्रिलला लोकसभेचं मतदान झालं, तेव्हा मी इथे. ते हुकल्याची रुखरुख मनात होती. मग कळलं की इंग्लंडात राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना इथल्या पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं. वेळेत नाव नोंदवलं आणि 4 जुलैला भारतीय पासपोर्ट दाखवून चर्चच्या एका दालनात गेले. भोंगा नाही, गर्दी नाही, बोटाला शाई नाही. हातात कागद दिला, आणि आडोशाला दोरीने बांधलेली एक शिसपेन्सिल. त्या पेन्सिलीने फुली मारताना माझा हात थरथरला. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला तेव्हा आमच्या पणजोबांच्या पणजोबांना कोणी काही विचारलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी मी भटकायचे. लंडनला दोनदा गेले. पूल, घड्याळाचा मनोरा, राजवाडा, सगळं चित्रात असतं तसंच आहे, त्याबद्दल नवीन काय लिहू? एका ठिकाणी मात्र पाय अडखळले. प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर 10 नंबरचं घर आहे. 1921-22 मध्ये बाबासाहेब तिथे राहिले. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घेतलं आणि आता ते स्मारक आहे. साधी वीटबांधणीची इमारत, तशाच घरांच्या रांगेतली एक. अर्धपोटी राहून ग्रंथालयात दिवस काढणारा विद्यार्थी या पायऱ्या चढत होता, हे मनात आलं आणि माझ्या खोलीतल्या हीटरच्या, जेवणाच्या सगळ्या तक्रारी गळून पडल्या. शिष्यवृत्तीवर आलेली मराठवाड्यातली दोन मुलं तिथे भेटली. आम्ही तिघंही बराच वेळ काही बोललो नाही.

पण माझं खरं पाहणं मँचेस्टरच्या आसपासच झालं. शहराच्या दक्षिणेला स्टायल गावात क्वारी बँक नावाची गिरणी आहे. 1784 मध्ये सॅम्युएल ग्रेग यांनी ती नदीकाठी बांधली, आणि आज ती जुन्या यंत्रांसकट जतन केलेली आहे. गिरणीत कामाला ठेवलेल्या अनाथ आणि गरीब मुलांचं घरही तिथे आहे. यंत्राखाली वाकून कापूस वेचण्याचं काम लहान मुलांकडे असे, कारण तेवढ्या फटीत त्यांचंच अंग मावत असे. दाखवणाऱ्या गृहस्थांनी माग चालू केला आणि कानठळ्या बसल्या. एकाच मागाचा तो आवाज होता. शेकडो माग एकत्र चालत तेव्हा बायका ओठांच्या हालचालींवरून एकमेकींचं बोलणं ओळखत. त्या बोलण्याला लँकेशायरमध्ये ‘मी-मॉइंग’ असं नावच आहे.

मग त्यांनी टोपलीतून एक वाळलेलं बोंड काढलं आणि मुलांच्या घोळक्याला विचारलं, हे कुणी झाडावर पाहिलंय का? मागे उभी राहून मी हात वर केला. त्यांनी मला पुढे बोलावलं. मग मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत सुटले. कमरेला ओटी बांधतात. दोन्ही हातांनी वेचतात. पहाटेच्या दवात वेचलं तर कापूस ओला भरतो. उन्हं चढली की वाळलेला पाला चुरून कापसात मिसळतो. वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात सीतादहीची पूजा करतात, त्याशिवाय ओटीत बोंड पडत नाही. एका मुलीने बोंडाच्या कडेला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

“टोचतं का?” तिने विचारलं.

मी माझी बोटं तिला दाखवली. उजव्या हाताच्या नखाशेजारचे बारीक व्रण अजून आहेत. दहावीच्या दिवाळीच्या सुट्टीतले. आईच्या हाताचे मी दाखवू शकले नाही. त्या गृहस्थांनी टोपी काढून मला सांगितलं, की इतकी वर्षं ते हे बोंड दाखवत आले, पण वेचणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं.

त्यानंतर मी या धाग्याच्या मागेच लागले. ब्रेझनोज स्ट्रीटजवळच्या चौकात अब्राहम लिंकनचा पुतळा आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा पुतळा मँचेस्टरमध्ये कशासाठी? 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरला कापूस मिळेना. गिरण्या बंद, घराघरांत उपासमार. तरीही 1862 च्या अखेरीस मँचेस्टरच्या कामगारांनी लिंकनना पत्र लिहून गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा दिला. जानेवारी 1863 मध्ये लिंकननी त्यांना उत्तर पाठवलं, त्यातलाच काही मजकूर चौथऱ्यावर कोरला आहे. स्वतःच्या चुली विझल्या असताना समुद्रापलीकडच्या, कधीही न पाहिलेल्या माणसांसाठी उभ्या राहिलेल्या त्या कामगारांपुढे मी मनापासून हात जोडले.

पण त्याच वर्षांनी आमच्या मातीचं नशीब बदललं. कापूस हवा म्हणून इंग्रजांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. भाव कडाडले, वऱ्हाडात ज्वारीच्या रानात कपाशी शिरली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. लिव्हरपूलच्या बाजारात आमच्या मालाला नावं पडली: अमरावतीवरून ‘उमरावती’, आणि वर्धेपलीकडचं ‘हिंगणघाट’. पश्चिम हिंदुस्थानातल्या मालाला तर सरसकट ‘सुरत’ म्हणत, आणि कामगार त्या नावाने कपाळाला हात लावत. आखूड धाग्याचा तो कापूस यंत्रावर सारखा तुटे, त्यात कचरा निघे, दिवसाची मजुरी बुडे. इथली बाई तुटका धागा जोडून थकली होती, तिथली बाई तोच कापूस वेचून थकली होती, आणि दोघींना एकमेकींचं नाव माहीत नव्हतं.

दारव्ह्याच्या माणसाला ‘शकुंतला’ सांगावी लागत नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने कापूस मुख्य लोहमार्गावर नेण्यासाठी सुरू केली. तिचं वाफेचं इंजिन 1921 मध्ये बनलं ते याच मँचेस्टरमध्ये. 1994 च्या एप्रिलपर्यंत ते धावलं. आता गाडीच बंद आहे, रुळांवर गवत आहे. बाबांनी लहानपणी त्या इंजिनाच्या मागे धावून पैज लावली होती. मी त्यांना सांगितलं, मी त्या इंजिनाच्या माहेरी आले आहे. ते खूप वेळ हसत राहिले.

जुलैच्या एका रविवारी ब्लॅकबर्नच्या गाडीने डार्वेनला गेले. गावात शिरण्याआधीच 303 फुटी धुरांडं दिसतं. इटलीतल्या घंटाघरासारखं कोरीव, विटांचं. गिरणीचं नाव, इंडिया मिल! 1931 च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी लंडनला आलेले गांधीजी या भागात आले होते. त्यांच्या परदेशी कापडावरच्या बहिष्काराने इथले माग थंडावले होते. कामगारांच्या रोषाला सामोरं जाण्यासाठीच ते आले. त्यांनी बेकारांचं ऐकून घेतलं, त्यांचं दुःख मान्य केलं आणि हिंदुस्थानातल्या खेड्यांची भूक त्याहून मोठी आहे हेही सांगितलं. त्या भेटीचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. खादीचं उपरणं घेतलेले गांधीजी, आणि भोवती हात उंचावून आनंदाने ओरडणाऱ्या गिरणीतल्या बायका. पाच वर्षांनी त्यांनी आमच्या शेजारच्या जिल्ह्यात सेवाग्रामला मुक्काम केला. शाळेच्या सहलीत आम्ही तिथे गेलो होतो. तो आश्रम आणि हे धुरांडं एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, हे मला डार्वेनच्या फलाटावर उभं राहिल्यावर उमगलं.

मधल्या काळात 19 जूनला केंद्राने हमीभाव जाहीर केला होता. लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला 7521 रुपये. बाबांनी तो मला फोन करून सांगितला, जणू परीक्षेचा निकाल. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी वहीत हिशेब मांडला. एका क्विंटल कापसातून चौतीसेक किलो रुई. साध्या टी-शर्टला, वाया जाणारं धरून, पावणेदोनशे-एकशेऐंशी ग्रॅम रुई. म्हणजे एका शर्टामागे अर्धा किलोहून थोडा जास्त कापूस, म्हणजे चाळीसेक रुपये. बियाणं, खत, फवारणी, वेचणी, सगळं त्या चाळीसात. समोरच्या दुकानात तो शर्ट दहा पौंडांना होता, हजार रुपयांच्या वर. मी ती वही माझ्या वरिष्ठ बाईंना दाखवली. त्यांनी दोनदा आकडे तपासले आणि इंटर्नशिपच्या माझ्या अहवालात हे पान पहिलं ठेवायला सांगितलं. मी ते ठेवलं, आणि 2017 साली फवारणीच्या विषबाधेने माझ्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली, हेही त्याच पानावर लिहिलं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात रॉयल एक्सचेंज पाहिलं. एके काळी दहा हजारांहून जास्त सदस्य इथे कापूस, सूत, कापड यांचे सौदे करत. 1968 च्या 31 डिसेंबरला व्यवहार कायमचे थांबले. आता त्या अफाट सभागृहात, खांबांना टांगल्यासारखं, एक गोल नाट्यगृह आहे. 150 टनांचं ओझं जमिनीला पेलणार नाही म्हणून खांबांवर तोललेलं. मी नाटकाचं तिकीट काढलं नाही. मी मान वर करून उभी राहिले. वर, भिंतीवर, भावाचा फळा आहे. शेवटच्या दिवसाचे आकडे अजून तसेच.

यवतमाळच्या बाजार समितीत मी बाबांसोबत किती तरी वेळा असंच मान वर करून उभी राहिले आहे. तिथला आकडा दुपारपर्यंत बदलतो, आणि त्यावर घरातलं लग्न, शाळेची फी, सावकाराची तारीख ठरते. इथे पंचावन्न वर्षं कुणीही तो पुसलेला नाही.

मी फोटो काढून बाबांना पाठवला. पाच मिनिटांत फोन आला.

“हा भाव मिटवला काऊन नाही त्यायनं?”

“पुढचा भाव आलाच नाही बाबा. बाजारच बंद झाला.”

ते काही वेळ गप्प होते. मागे बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. पोळा आठवड्यावर आला होता.

“बरं,” ते म्हणाले, “पऱ्हाटीले पाती चांगली धरली आहे औंदा. तू येशीन तवा बोंडं फुटली असतीन.”

“वेचणीले थांबा माझ्यासाठी,” मी म्हणाले. “सीतादही मी करीन.”