शिकागोची उद्याने : बाकाचा खर्च कोण देते?

लेकीकडे किंवा मुलाकडे काही महिन्यांच्या मुक्कामासाठी शिकागोला जाण्याचा योग आला, तर सकाळच्या फेरीसाठी लिंकन पार्क अवश्य निवडावे. एका बाजूस मिशिगन सरोवराचे अथांग पाणी, दुसऱ्या बाजूस उंच इमारती आणि मधून जाणारी सपाट, रुंद वाट. सरोवराकाठची ही वाट सुमारे 18 मैल, म्हणजे 29 किलोमीटर लांब आहे. गुडघे कुरकुरू लागले की टेकायला बाक आहेत आणि फिरण्यासाठी तिकीट काढावे लागत नाही. मग या साऱ्याचा खर्च कोण देते?

याचे मूळ आरोग्याच्याच चिंतेत आहे. या उद्यानाच्या एका भागात पूर्वी शहराची दफनभूमी होती. वस्तीला लागून आणि सरोवराकाठी दफन करणे लोकांच्या प्रकृतीस घातक आहे, असे डॉ. जॉन राउच यांनी आग्रहाने मांडले. मोठ्या शहरांना उद्याने का हवीत, यावर त्यांनी 1869 मध्ये पुस्तिका लिहिली. त्याच वर्षी इलिनॉय राज्याने शहराच्या तीन भागांसाठी तीन उद्यान-मंडळे कायद्याने स्थापन केली. पुढे अशी मंडळे वाढत गेली आणि 1934 मध्ये त्यांतील 22 मंडळे एकत्र करून ‘शिकागो पार्क डिस्ट्रिक्ट’ ही संस्था निर्माण झाली. आज तिच्याकडे सुमारे 600 उद्याने आहेत.

ही संस्था महानगरपालिकेचे एखादे खाते नव्हे. तिला स्वतःचा अर्थसंकल्प आहे आणि कर आकारण्याचा अधिकारही आहे. मुलाच्या घराचे मालमत्ता कराचे बिल पाहाल, तर शाळा, ग्रंथालय यांच्याप्रमाणेच उद्यानांसाठीची रक्कम वेगळ्या ओळीत दिसेल. उत्पन्नाचा सर्वांत मोठा वाटा या कराचा. त्याला जोड मिळते ती सोल्जर फील्ड हे क्रीडांगण, नौकांची बंदरे, वाहनतळ आणि वर्गांचे शुल्क यांची.

उपनगरांत अशीच लहान लहान मंडळे आहेत. त्यांचे सदस्य मतदार निवडून देतात आणि ते विनावेतन काम करतात. शिकागो परिसरात कराची वार्षिक वाढ 5 टक्के किंवा महागाईचा दर, यांपैकी जे कमी असेल त्यापुरती कायद्याने मर्यादित आहे. त्याहून अधिक हवे असेल, तर लोकांचा कौल घ्यावा लागतो.

येथे ज्येष्ठांपुढे खरा पेच उभा राहतो. निवृत्तिवेतनावर घर सांभाळणाऱ्याला प्रत्येक करवाढ जड जाते. पासष्टी ओलांडलेल्या घरमालकांना करात काही सवलत आहे, तरी ओझे राहतेच. पण कर आखडला की पोहण्याच्या, व्यायामाच्या वर्गांचे शुल्क वाढवण्याकडे कल जातो. ज्याला ते परवडते तो येतो. ज्याला परवडत नाही तो घरी बसतो, आणि बहुधा त्यालाच हालचालीची अधिक गरज असते. हे ओळखून इलिनॉयमध्ये दिव्यांगांच्या करमणुकीसाठी मालमत्तेच्या करपात्र मूल्याच्या 0.04 टक्क्यांपर्यंत निराळा कर घेता येतो. त्यातून अनेक मंडळे मिळून खास उपक्रम चालवतात. घरी अशा व्यक्तीची शुश्रूषा करणाऱ्यांनी ही सोय आवर्जून विचारावी.

आपण तेथे गेलात, तर जवळच्या उद्यान-केंद्रात दोन गोष्टींची चौकशी करा : ज्येष्ठांना शुल्कात सवलत आहे का, आणि मुलाच्या पत्त्यावर आपल्याला रहिवाशाचा दर मिळतो का. बाहेरच्यांना अनेक ठिकाणी अधिक पैसे पडतात.

आपल्याकडे बागांचा खर्च महापालिकेच्या एकूण अर्थसंकल्पातून होतो. त्यांच्यासाठी निराळा कर नसतो. म्हणूनच मागणी वेळेवर करणे महत्त्वाचे. पुण्यात नागरिकांना आपल्या प्रभागातील कामे अर्थसंकल्पासाठी सुचवता येतात. बागेत हात टेकायला कठडा नसेल किंवा पायवाट उखडली असेल, तर चार ज्येष्ठांनी मिळून तसा अर्ज द्यावा. बसायला बाक मिळणे हा उपकार नव्हे. त्याचे पैसे आपणच भरलेले असतात.