कागदाचे झाड आणि पानगळ

बालवाडीच्या हस्तव्यवसायात एक झाड दरवर्षी उगवते. तपकिरी कागदाचे खोड, दोन-चार फांद्या, आणि त्यांवर डकवलेली नारिंगी, लाल, पिवळी पाने. बहुधा ते ऑक्टोबरात उगवते आणि त्याच्या माथ्यावर ‘शरद ऋतू’ असे ठळक लिहिलेले असते. शेजारच्या पाच वर्षांच्या मुलीला हे झाड करून आणायला सांगितले, तेव्हा ते काम साहजिकच आमच्याकडे आले. नवराबायको दोघेही मराठी शिकवतात, तेव्हा ऋतूंची माहिती त्यांना असणारच, असा तिच्या आईचा हिशेब.

झाड करायला अर्धा तास पुरतो. मुलाचा पंजा आणि कोपरापर्यंतचा हात कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली की खोड आणि फांद्या तयार. पानांसाठी कात्री लागत नाही. घोटीव कागद चिमटीने फाडून त्याचे कपटे केले की झाले. खरे तर फाडलेल्या कागदाची कड पानासारखी जास्त दिसते, आणि पुढे पेन्सिल धरणाऱ्या बोटांना या फाडण्याचा व्यायामही होतो. कणकेची खळ डिंकापेक्षा बरी, कारण ती मुलांनी चाखून पाहिली तरी चालते (आणि ती चाखतातच). एवढे सगळे झाल्यावर मुलगी खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “काकू, पण आपलं बदामाचं झाड तर हिरवंच आहे.”

बदाम हिरवा होता हे खरेच. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पावसाने धुतलेले आकाश, निवळलेले नदीचे पाणी, कोजागरीचे चांदणे, कापणीला आलेली शेते. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’तला शरद काशफुलांचा, हंसांचा आणि बहरलेल्या सप्तपर्णीचा आहे. त्या सप्तपर्णीचा उग्र दरवळ आजही ऑक्टोबरच्या रात्री आपल्या शहरांतल्या रस्त्यांवर डोके धरायला लावतो. वैदिकांनी आयुष्याची मोजदाद शरदांनी केली आणि शंभर शरद जगण्याची इच्छा धरली. असा हा भरल्या घरासारखा ऋतू. पण कोशकारांना ‘ऑटम’साठी प्रतिशब्द हवा होता. त्यांनी पंचांग पाहिले आणि शरद दिला. महिन्यांचा मेळ बसला, झाडांचा बसला नाही. विलायती मेपल आणि ओक त्या शब्दाच्या आडून आमच्या बालवाड्यांत शिरले.

आपली पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनात. मर्ढेकरांच्या पहिल्या संग्रहाचे नाव ‘शिशिरागम’ (१९३९). पदवीच्या वर्गात या शब्दाचा अर्थ विचारला की मुले ‘थंडी’ म्हणतात. पानगळ कोणालाच आठवत नाही. ज्यांनी बालवाडीत शरदाच्या नावाने पाने डकवली, त्यांनी दुसरे काय म्हणावे? दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) मराठी महिन्यांच्या वाटेने झाडांकडे पाहते. ते अभ्यासाला लावावे असे आम्हांला फार वाटते, पण परीक्षेत त्यावर प्रश्न कसा काढणार, ही आमच्या सहकाऱ्यांची अडचण आहे. असो.

दोन्हीकडे झाड पाने सोडते, कारण मात्र वेगळे. थंड देशांत दिवस लहान होतात, गारठा वाढतो, पानातले हरितद्रव्य विरते आणि त्याखाली मुळातच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग बहुधा नव्याने तयार होतो. आपल्याकडे मुख्य प्रश्न पाण्याचा. पाऊस संपून महिने लोटलेले, जमीन सुकलेली, आणि पाने तर पाणी हवेत घालवणारी. तेव्हा देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो आणि तेथून पान सुटते. वारा त्याला तोडतो हे आपल्याला दिसते; प्रत्यक्षात झाडाने त्याला आधीच सोडलेले असते. आणि नेमक्या याच दिवसांत पळस, पांगारा, काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर फुलतात, मैना, बुलबुल, कावळे रसासाठी त्यांवर गर्दी करतात. आपल्या पानगळीला असा लाल गोंगाट आहे. घोटीव कागदाच्या त्या उदास झाडात तो कुठून येणार?

म्हणून फेब्रुवारीत दुसरे झाड करायचे ठरले. इमारतीतली आणखी तीन मुले आली. पाने या वेळी कागदाची नव्हती. खालच्या बदामाची लाल झालेली, पिंपळाची पिवळी, अशी वेचून आणली आणि वर्तमानपत्रात दाबून वाळवली. १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा पाने, बिया, शिंपले हेच त्यांचे साहित्य होते; आम्ही काही नवे करत नव्हतो. एका फांदीवर काटेसावरीची फुले म्हणून कुंकवाच्या पाण्यात बुडवलेल्या अंगठ्यांचे ठसे उमटले. सगळ्यांत जास्त दंगा तिथेच झाला, आणि भिंतीवरही थोडी सावर फुलली.

पाने मात्र चिकटवली नाहीत. कपड्यांच्या छोट्या चिमट्यांनी दोरीच्या फांद्यांना अडकवली. रोज संध्याकाळी एकाने एक पान सोडायचे आणि खाली ठेवायचे. शाळेतल्या चिकटकामात पान झाडावर चढते आणि तिथेच राहते. त्याला पानगळ कसे म्हणावे, असे आमच्या मनात होते. तीन मुलांना हा खेळ आवडला. शेजारची मुलगी मात्र आपली पाळी आली की चिमट्याला हात लावीना. तिचे आजोबा पौषात गेले होते. घरात तिला ते देवाघरी गेल्याचे सांगितले होते आणि त्यापुढे कोणी काही बोलत नव्हते. आम्हीही विषय काढला नाही.

चौथ्या दिवशी तिने विचारले, “काका, हे पान गळलं की मग तेच पान परत येतं?”

‘हो’ म्हणणे सोपे होते. तिची आई दारात उभी होती, तिलाही बहुधा तेच ऐकायचे होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले. ‘नाही’ म्हणालो. त्या जागी दुसरे पान येते, तेच येत नाही.

तिने थोडा वेळ चिमटा धरून ठेवला. मग तो दाबला, पान हातात घेतले आणि खाली न ठेवता विचारले, “मग खाली पडलेली सगळी कचऱ्यात टाकता का?” नाही म्हटल्यावर तिने आमच्याकडून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा मागून घेतला. त्यानंतर पाने सोडायची ती तिनेच. बाकीच्यांची पाळीही तीच घेऊ लागली, त्यावरून भांडणेही झाली. फाल्गुन संपेपर्यंत दोऱ्या रिकाम्या झाल्या. डबा तिने आपल्या घरी नेला. खालच्या बदामाला तोवर कोवळी पालवी फुटली होती.