भांगाची भरती

राष्ट्रीय सेवा योजनेच्या यादीत माझ्या नावापुढे 'गोराई, प्राथमिक शाळा, इयत्ता तिसरी' असे लागले, तेव्हा मैत्रिणींना माझा हेवा वाटला. गोराई म्हणजे त्यांच्या लेखी समुद्रकिनारा, पॅगोडा आणि खाडीतली फेरीबोट. प्रत्यक्षात त्या सहा दिवसांत मी समुद्र फारसा पाहिलाच नाही. पाहिली ती तिसरीची मुले आणि पुस्तकांची एक पत्र्याची पेटी.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, महाराष्ट्रातल्या शाळांत 2015 पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. पुष्कळ ठिकाणी तो हार, भाषण आणि फोटो यांतच आटोपतो. इथल्या वर्गाच्या बाईंनी मात्र दिवसाचा आठवडा करून घेतला होता. सकाळी वाचन, दुपारी हातकाम, आणि शनिवारी मुलांनीच लिहिलेल्या पुस्तकाचे पालकांसमोर वाचन असा बेत होता. आम्ही तिघे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली.

सोमवारी पेटी उघडली. 'किशोर'चे जुने अंक, प्राण्यांच्या गोष्टी, चार-दोन फाटके चित्रकोश. मुलांनी पुस्तके हुंगली, उलटी धरली, चित्रांवरून भांडली. पेटीतल्या पुस्तकांत जिथे जिथे समुद्र होता तिथे तो सुट्टीत जाऊन पाहायचा होता. वाळूचे किल्ले, शंख, मावळता सूर्य. त्या समुद्रावर कोणी कामाला जात नव्हते. कोळ्यांच्या मुलांना तो परक्या गावचा वाटला असल्यास नवल नाही.

शेवटच्या बाकावर एक मुलगी बसे. बाईंच्या वहीत तिच्या नावापुढे 'अक्षरे येतात, शब्द जुळत नाहीत' अशी नोंद होती. मोठ्याने वाचायची पाळी आली की ती खाली पाहून उभी राही. मंगळवारी हातकामाच्या तासाला तिने कांद्यांच्या जाळीदार पिशवीचे डोल जाळे केले आणि न विचारता सांगू लागली. प्रवाहाकडे तोंड करून ते कसे बांधतात, पाणी जोरात आले की त्यात बोंबील कसे शिरतात, सगळे सांगितले. मी विचारले, "आज बाबा गेले का?"

"नाय. आज भांग हाय ना."

आमच्यातल्या एकाला होळीची भांग आठवली आणि तो हसला. पोरगी गप्प झाली. शेजारच्या मुलाने त्याच्याकडे कीव येऊन पाहिले व समजावले, "दादा, भांग म्हणजे पानी कमी धावतं."

आणि मला भूगोलाचे पुस्तक आठवले! उधाणाची भरती, भांगाची भरती. अष्टमीच्या सुमारास चंद्र आणि सूर्य पृथ्वीशी काटकोन करतात, त्यांची ओढ एकमेकींना मारक ठरते, म्हणून भरती-ओहोटीतला फरक कमी. हे मी पाठ केले होते, आकृतीसह. तो शब्द कुणाच्या घरात बोलला जातो, हे मात्र कोणी सांगितले नव्हते. पाणी धावत नाही, डोल भरत नाही, होडी फारशी बाहेर पडत नाही.

बुधवारी त्या मुलीने कागदावर लिहिले, 'आज भांग हाय. बाबा घरी हाय.' दोनच वाक्ये, पण शब्द जुळले होते. बोट ठेवून तिने ती मला वाचूनही दाखवली.

संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीत वाद झाला तो या 'हाय'वरून. बाईंनी लाल पेन उघडले होते. मी म्हटले, राहू द्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही शनिवारी बोटीत बसून जाल. पुढच्या वर्षी चौथीच्या पेपरात 'हाय' लिहिले तर गुण हिचे जातील, तुमचे नाही." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही पुरते नाही. शुद्ध मराठी नाकारून तिचे भले होईल असे मला वाटत नाही. पण पहिल्याच जुळलेल्या वाक्यावर लाल रेघ पडली असती तर दुसरे वाक्य आले असते का? ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, ती मुले वर्गापर्यंत येत नाहीत म्हणून. इथे मुलगी वर्गात आली होती, तिची बोली तेवढी बाहेर उभी होती.

बाई बराच वेळ कागद पाहत राहिल्या. मग लाल पेन मिटून त्यांनी पेन्सिल घेतली आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिले, 'पुस्तकात आपण आहे असे लिहितो.' वरच्या ओळींना हात लावला नाही. स्वतः साताऱ्याकडच्या; म्हणाल्या, "आमच्याकडंही हायच म्हणतात."

गुरुवार-शुक्रवार शब्द गोळा करण्यात गेले. निवटी, चिंबोरी, कालवे, करंदी, उधाण. मुले घरून शब्द खिशात घातल्यासारखे आणत आणि फळ्यापाशी रांग लावत. शब्दांची भिंत कमी पडली, दारावर कागद चिकटवावे लागले.

शनिवारी अमावास्या जवळ आली होती, पाणी चढते होते. वडील होडीवर गेलेले, म्हणून मुलीची आजी आली. हातात मासळीची रिकामी पाटी. नातीने पान वाचले, जरा घाईने, 'घरी'पाशी अडखळून. आजीने पुस्तक मागून घेतले. तिला वाचता येत नव्हते. तिने विचारले, यातला भांग कुठला? नातीने तिचे बोट धरून त्या शब्दावर ठेवले. आजीने तो शब्द नीट निरखला आणि म्हणाली, "एवढासाच?"