वाढप

गौरी जेवणाच्या दिवशी आमच्या दोन खोल्यांच्या घरात तीस-बत्तीस माणसं जेवतात. सोफा गॅलरीत जातो, टीपॉय शेजाऱ्यांकडे जातो. हॉलमध्ये भिंतीला पाठ लावून समोरासमोर अकरा पानं बसतात. बारावं मांडलं की दार उघडत नाही. स्वयंपाकाचं कौतुक होतं, आराशीचं होतं, गौरींच्या साड्यांचे फोटो निघतात. वाढप्याकडे कोणी बघत नाही, आणि ते काम तसंच आहे: वाढप्याकडे लक्ष गेलं म्हणजे कुठेतरी चुकलं. मी ते चाळीस वर्षं करतोय.

शिकवलं मामांनी. पंचा खोचून अनवाणी वाढायचे, आणि पंगतीत असेपर्यंत पानांखेरीज कुठे बघायचे नाहीत. पहिल्या वर्षी त्यांनी माझ्या हातात फक्त मीठ दिलं. मी चिमटीनं भुरभुरवत निघालो, तर मागून आवाज आला, "वाढतोयस की पेरतोयस?" मीठ एका जागी, पानाच्या वरच्या बाजूला मधोमध, नखाएवढं. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. चटणी-कोशिंबिरीवर बढती मिळाली ती दुसऱ्या वर्षी. आमटीचं ओगराळं चौथ्या वर्षी. तूप मिळायला सहा वर्षं लागली, कारण भाताच्या मुदीवर तूप पडल्याशिवाय पान पूर्ण होत नाही आणि तोवर अकरा भुकेली माणसं हात आवरून बसलेली असतात. तिथे हात थरथरून चालत नाही.

केळीच्या पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. का, असं मी मामांना विचारलं होतं. "तसाच असतो," म्हणाले. पण पानाची मधली शीर कशासाठी ते मला वाढून वाढून कळलं. ती धरण आहे. वर तोंडी लावणी, खाली भात आणि पोळी. खालच्या भागात आमटी कितीही सैरावैरा धावली तरी चटणीपर्यंत पोचत नाही. अळूची पातळ भाजी मात्र कुठल्याच धरणाला जुमानत नाही. तिला द्रोण हवा. स्टीलच्या ताटात ही सगळी भूगोलाची अक्कल वाट्यांवर ढकलता येते, म्हणून ताट वाढणं सोपं.

हाताच्या गोष्टी सांगून येत नाहीत, तरी एक सांगतो. ओगराळं भरलं की त्याचा तळ पातेल्याच्या काठाला पुसायचा, मगच पानावर न्यायचं. एवढं केलं नाही तर दोन पानांमधल्या फरशीवर थेंबांची वाट उमटते, आणि दुसऱ्या पंगतीला कोणाचा तरी नवा झब्बा त्या वाटेवर बसतो.

पहिला भात लहान वाढायचा. पुढे काय येतंय ते वाढप्याला माहीत असतं, भुकेल्या माणसाला नसतं. एकदा पोळ्या सुरू झाल्या की वाढपी निम्मा निरोप्या होतो. पुरणाची पोळी थांबत नाही. तव्यावरून उतरली की गरम असतानाच घडी घालून पानावर गेली पाहिजे. स्वयंपाकघरात बायको आणि वहिनी लाटतायत, भाजतायत, त्यांना बाहेरचं दिसत नाही. "तीन पानं रिकामी", "आता दमानं", "कटाची आमटी अजून एकदा फिरेल", हे आत सांगायचं, पण जेवणाऱ्याला ऐकू जाऊ द्यायचं नाही. आपल्या तिसऱ्या पोळीची नोंद झाली असं कळलेला माणूस चौथी घेत नाही.

कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं आमच्या आईच्या पिढीला वाटी-चमच्याचं माप दिलं. वाढपाचं माप समोरच्याच्या हातात असतं, आणि ते वाचायला मी फार उशिरा शिकलो. तिशीत मला आग्रहाची खुमखुमी होती. ऑफिसातला एक मित्र पंगतीला होता. त्यानं पानावर हात आडवा धरला, मी त्याच्या बोटांमधून अर्धी पोळी सरकवली. "एवढ्यानं काय होतंय?" सगळे हसले, तोही हसला, आणि त्यानं ती खाल्ली. मग उरलेली अर्धीही. संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन. त्यानं पोळ्या किती खाल्ल्या, एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, दोन. पलीकडे ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांना शुगर आहे हो." त्यानं ऑफिसात कोणाला सांगितलं नव्हतं, आणि भर पंगतीत सांगावं अशी वेळ मी त्याच्यावर आणली होती.

तेव्हापासून मी हात बघतो. संकोचाचा 'नको' मनगटातून येतो. हात पानाच्या वर तरंगतो, बोटं सुटी असतात, नजर पोळीकडे. खरा 'नको' कोपरापासून येतो, तळवा पानाला जवळजवळ टेकतो आणि माणूस तुमच्याकडे बघतो. पहिल्याला अर्धी वाढावी. दुसऱ्यापुढून काही न बोलता पुढे सरकावं. माझा कोकणातला एक मित्र दोन्हींतला कुठलाच 'नको' म्हणत नाही, त्याच्या घरी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, म्हणून आमच्याकडची सोळा भाज्यांची भाजी चाखून तो दरवर्षी गंभीरपणे विचारतो, "यात सतरावी कोलंबी घातली तर देवी रागावेल का रे?" आणि तीनदा मागून घेतो.

शेवटच्या पंगतीचं सांगायचं राहिलं. ती बायकांची. आमच्या घरी ती पंगत कधी नीट बसलीच नव्हती. साडेतीन वाजता ओट्यापाशी, पातेल्यांतूनच, जे असेल ते. मामा गेले त्या वर्षी वाढप माझ्याकडे आलं आणि मी हट्टानं शेवटची पानंही हॉलमध्ये मांडली. आईला पाटावर बसवलं. मीठ वाढलं, लिंबू वाढलं, आणि पोळी घेऊन तिच्यासमोर वाकलो तर तिचा हात आला. कोपरापासून. तळवा पानाला टेकलेला.

मला वाटलं, पोट बिघडलंय.

"मला नाही रे आवडत पुरण," ती म्हणाली. "कधीच नाही."

पन्नास वर्षं तिनं पुरण शिजवलं होतं, पाट्यावर वाटलं होतं, नंतर पुरणयंत्रातून काढलं होतं. आणि चवीची वेळ आली की नैवेद्याच्या आधी चाखायचं नसतं म्हणून नुसत्या वासावर गूळ ठरवला होता. आम्ही समजत होतो, सगळ्यांना पुरावी म्हणून ती खात नाही. "मग काय वाढू?" "भात. आणि मठ्ठा असला तर." मी आत गेलो. पातेल्याच्या तळाशी कोथिंबिरीची दोन पानं चिकटलेली होती.

आई आता पाटावर बसत नाही, खुर्चीत जेवते. पहिल्या पंगतीलाच बस म्हटलं तर ऐकत नाही. पानं मांडायच्या आधी मी एक तांब्या मठ्ठा भरून फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे ठेवतो. साडेतीनला ती भात कालवायला घेते आणि दरवर्षी विचारते, "उरलाय का रे थोडा?"

"बघतो," म्हणतो, आणि आत जाऊन जरा वेळ भांडी वाजवतो.